लिनक्सचा एक जुना हिशेब

देवरी तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही धड्यांच्या चित्रफिती आठ पेन ड्राइव्हवर उतरवत होतो. 'कॉपी झाली' असे दिसे, पण पेन ड्राइव्ह काही सुटेना. त्यात मुलांचा तास संपला. सगळ्यांनी जुन्या संगणकाला बोल लावला. हा अन्याय आहे.

लिहायचा मजकूर लिनक्स आधी मेमरीत साठवतो, मग सवडीने डिस्कवर उतरवतो. युक्ती उत्तमच. चुकते ती साठ्याची मर्यादा: उपलब्ध मेमरीच्या २० टक्के. ३ जीबी उपलब्ध असेल तर सुमारे ६०० एमबी! सेकंदाला ५ एमबी लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला ते उपसायला दोन मिनिटे हवीत. गिरणी किती भरडते ते पाहून धान मागवावे, गोदाम केवढे ते पाहून नव्हे, हे गोंदियात भातगिरणीशेजारी वाढलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. म्हणजे मेमरी वाढवली की दुखणेही वाढते. टक्क्यांचा हा नियम मेमरी मोजक्या एमबीची होती तेव्हाचा, हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१३ मध्येच मान्य केले होते.

टक्क्यांऐवजी ठरावीक आकडा देण्याची सोय आहे, 'डर्टी बाइट्स' नावाची ('डर्टी' म्हणजे अजून डिस्कवर न उतरलेला मजकूर). तिथे ५ कोटी लिहिले की त्याच पेन ड्राइव्हची थकबाकी दहा सेकंदांत फिटते.