दंड आणि शस्त्र कोण हाती घेतो? : दहशतवादाच्या कारणमीमांसेची एक चिकित्सा

माणसे दहशतवादाकडे का वळतात, या विषयावर ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर विपुल लेखन झाले. त्यातील काही प्रमुख मते तपासावीत आणि ती आपल्या भागातील अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या संशोधनाचे निष्कर्ष ग्रंथालयात पडून राहत नाहीत. ते पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतात, आणि तेथे ज्यांना लावले जातात त्यांत आपल्या वस्त्यांतील तरुणही असतात.

प्रथम ही मते पाहू. दारिद्र्य आणि अज्ञान यांतून दहशतवाद जन्मतो, ही सर्वांत रूढ समजूत. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी २००७ च्या ग्रंथात ती आकडेवारीने खोडून काढली. दहशतवादी कृत्यांत सामील झालेले लोक आपल्या समाजातील सर्वांत गरीब वा अशिक्षित नसतात. उलट जेथे नागरी स्वातंत्र्य दडपले जाते तेथून असे लोक अधिक निघतात, असे त्यांना आढळले. मनोविकारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी २००४ मध्ये १७२ व्यक्तींची चरित्रे तपासली. त्यांना वेडही आढळले नाही आणि समान दारिद्र्यही आढळले नाही. आढळले ते मैत्रीचे आणि नात्याचे धागे. मनुष्य आधी माणसांत सामील होतो आणि विचारात मागाहून, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. मानसशास्त्रज्ञ फतहअली मोगद्दम यांनी २००५ मध्ये जिन्याचे रूपक मांडले. तळमजल्यावर अन्यायाची जाणीव असलेले असंख्य लोक असतात. त्यांतील थोडे वर चढतात. प्रत्येक मजल्यावर पर्याय कमी होत जातात. ‘आम्ही’ आणि ‘ते’ ही विभागणी पक्की होते आणि अखेरच्या मजल्यावर हत्या घडते.

ही तिन्ही प्रतिपादने मोलाची आहेत. तथापि त्यांत एक समान उणीव आहे. हे संशोधन हिंसा घडून गेल्यावर सुरू होते आणि हिंसा करणाऱ्यापासून मागे चालत जाते. मागे जाताना जे जे भेटते, मग तो अपमान असो, बेकारी असो वा मित्रमंडळ, ते कारण म्हणून नोंदले जाते. परंतु त्याच अपमानातून, त्याच बेकारीतून गेलेले आणि तरीही शस्त्राला न शिवलेले लाखो लोक या तपासणीत येत नाहीत. बहुसंख्य लोक तळमजल्यावरच राहतात, हे मोगद्दम स्वतः सांगतात. तेथील अन्याय दूर करा, असा आग्रहही धरतात. मात्र ते लोक तेथे राहून काय करतात, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

या प्रश्नाची कसोटी पाहण्यास भंडारा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. तुमसर तालुक्यातील आंबागडाला लागून असलेल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने अमानुष हत्या केली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही आणि जातिद्वेष मान्य केला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले; जातीचा प्रश्न होता तेथेच राहिला. कुटुंबातील वाचलेले एकमेव सदस्य भैय्यालाल भोतमांगे २०१७ मध्ये निवर्तले.

आता वरील सर्व सिद्धान्त येथे लावून पाहा. टोकाचा अन्याय आहे. सामूहिक अपमान आहे. न्याय अपुरा मिळाल्याची भावना आहे. सुशिक्षित, संतप्त तरुणांचे घट्ट संबंध असलेले गट आहेत. आणि पूर्वेला, १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या गोंदियाच्या जंगलात, त्या वेळी सशस्त्र दलमही होती. सिद्धान्ताला हवी असलेली सर्व सामग्री एका ठिकाणी जमली होती. प्रत्यक्षात काय घडले? मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, सत्यशोधन समित्या आल्या, न्यायालयात लढा झाला. काही ठिकाणी दगडफेक आणि जाळपोळ झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. कानपूरमधील पुतळ्याच्या विटंबनेनंतर ३० नोव्हेंबर २००६ रोजी उल्हासनगरजवळ दख्खनची राणी या गाडीचे डबे जाळले गेले. परंतु क्षणिक क्षोभ वेगळा आणि हत्येला व्यवसाय मानणारी संघटना वेगळी. तशी संघटना या दुःखातून उभी राहिली नाही.

सरकारने मात्र उलटा अर्थ लावला. नोव्हेंबर २००६ मध्ये तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचे सूचित केले. या विधानाच्या मुळाशी एक अर्धवट सिद्धान्त आहे : ज्याला दुःख आहे तो हिंसेच्या वाटेवर आहे. नियोजन आयोगाने नेमलेल्या, डी. बंद्योपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००८ च्या अहवालात नक्षलवादी चळवळीचा मुख्य पाठिंबा दलित आणि आदिवासींतून येतो असे नोंदविले, आणि जमीन, जंगल, विस्थापन व प्रतिष्ठा यांचे प्रश्न सोडविण्यावर भर दिला. अहवालाची दृष्टी सहानुभूतीची आहे. पण त्यातील पहिला भाग तेवढा उचलला तर पीडित हाच संशयित ठरतो. सहानुभूती आणि संशय दोघेही एकच चूक करतात : पीडिताला स्वतःचा विवेक असतो, हे दोघेही विसरतात.

या ठिकाणी तथागतांची कारणमीमांसा उपयोगी पडते. मज्झिम निकायातील मधुपिण्डिक सुत्तात स्पर्शापासून वेदना, वेदनेपासून संज्ञा, संज्ञेपासून वितर्क आणि वितर्कापासून पपञ्च, म्हणजे ‘मी’ आणि ‘माझे’ यांचा मनाने मांडलेला पसारा, अशी साखळी सांगितली आहे. या पसाऱ्याचा शेवट दंड आणि शस्त्र हाती घेण्यात होतो. मोगद्दम यांच्या जिन्याशी या साखळीचे साम्य उघड आहे. पण एक भेद महत्त्वाचा आहे. जिन्यावर जसजसे वर जावे तसतसा परतीचा मार्ग अरुंद होतो. सुत्तातील साखळी मात्र, पपञ्चाला जेथून आधार मिळतो तेथे आसक्ती धरली नाही, तर तुटते. दुःखाची वेदना खरीच असते. तिच्यातून कोणता वितर्क उभा राहील, हे मात्र आधीच ठरलेले नसते.

ही केवळ मनोनिग्रहाची शिकवण आहे, असा समज होऊ नये. दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात राज्य लुटारूंनी त्रस्त झालेले आहे. पुरोहित राजाला सांगतो की, वध आणि बंधन यांनी उपद्रव शमणार नाही, उरलेले पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात निर्धनाला धन न दिल्याने दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या असा क्रम आहे. बाहेरची परिस्थिती आणि मनातील प्रपंच या दोन्हींना प्रत्यय मानणारी ही दृष्टी आहे. क्रूगर यांचे आकडे तिला खोटे पाडत नाहीत. दारिद्र्य हे एकमेव कारण नव्हे, एवढेच ते सिद्ध करतात, आणि एकच कारण मानणे हे प्रतीत्यसमुत्पादाला मुळातच अमान्य आहे.

मग आंबेडकरी समाजात ही साखळी कशाने तुटली? आमच्या मते दुःखाला सार्वजनिक वाट मिळाल्यामुळे. १९२७ चा महाड सत्याग्रह, १९३० पासूनचा काळाराम मंदिराचा लढा, नामांतराच्या १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची सोळा वर्षे, या सर्वांत अपमानाला सभा, मोर्चा, न्यायालय आणि ग्रंथ असे मार्ग सापडले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानिक मार्ग खुले असता रक्तरंजित मार्ग सोडून द्यावेत, असे बजावले. ते १९५४ मध्ये याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक हरले. तरी त्यांनी साधने बदलली नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्माची दीक्षा घेतली आणि २० नोव्हेंबरला काठमांडूच्या परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना भेदाचे केंद्र साधनांतच दाखविले. ध्येय न्याय्य असले म्हणजे साधन आपोआप शुद्ध होत नाही, हा विचार या समाजात केवळ उपदेश राहिला नाही. त्याची सवय झाली.

तथापि येथे आत्मसंतोषाला जागा नाही. बौद्ध असणे हे हिंसेविरुद्धचे कवच नव्हे. १९५९ मध्ये श्रीलंकेचे पंतप्रधान बंदरनायके यांची हत्या एका भिक्षूने केली. आणि आपल्या विदर्भातील उदाहरण तर फार जवळचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील राजूर येथील एका दलित कष्टकरी कुटुंबातील दोन भाऊ. एक, आनंद तेलतुंबडे, व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक आणि खैरलांजीवरील ग्रंथाचे लेखक झाले. दुसरे, मिलिंद तेलतुंबडे, कोळसा खाणीतील कामगार चळवळीतून माओवादी पक्षात गेले आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीतील मर्दिनटोला येथील चकमकीत मारले गेले. घर एक, जात एक, बालपणीचे दुःख एक, मार्ग दोन. उलट ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवणारे मल्लोजुला वेणुगोपाल राव हे तेलंगणातील ब्राह्मण कुटुंबातले. जातीवरून वा दारिद्र्यावरून माणसाचा मार्ग सांगता येतो, या समजुतीला या तीन चरित्रांपुढे टिकाव धरता येत नाही. आणि त्या मार्गाची किंमत कोणी दिली? १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात ठार झालेले पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक हे कोणी जमीनदार नव्हते.

तरीही राज्यसंस्थेने भावावरून भावाची पारख केली. आनंद तेलतुंबडे यांना एप्रिल २०२० मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणी अटक झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मधली अडीच वर्षे तुरुंगात गेली. आंबागडचा किल्ला या संदर्भात आठवतो. १७०० च्या सुमारास राजाखान पठाण याने बांधलेला हा किल्ला नागपूरकर भोसल्यांनी तुरुंग म्हणून वापरला, आणि कैद्यांना आतील विहिरीचे दूषित पाणी पाजून मारले जात असे, असे सांगितले जाते. बंदिवासाचे विष अनेक प्रकारचे असते. इराकमधील बुका छावणीत २००४ मध्ये कोंडलेला अबू बक्र अल-बगदादी पुढे इस्लामिक स्टेटचा प्रमुख झाला. संशयितांना एकत्र कोंडल्याने संघटना मोडतातच असे नाही, त्या घडतातही. कूटदन्त सुत्तातील पुरोहिताचा इशारा आजही जुना झालेला नाही.

अंगुलिमालाच्या कथेत अट्ठकथा त्याच्या हिंसेचे मूळ तक्षशिलेत दाखविते : सहाध्यायांचा मत्सर, कान भरलेला गुरू आणि हजार बोटांची गुरुदक्षिणा. मूळ सुत्ताचा भर मात्र परतण्यावर आहे. पसेनदी राजा पाचशे घोडेस्वार घेऊन निघतो आणि दंडाने जे झाले नाही ते दंडाविना झालेले पाहतो. पण अंगुलिमालाला लोकांचे दगड खावेच लागतात; त्याच्या कृत्यांचा विसर कोणालाच पडत नाही. परत येणाऱ्याला जागा आणि मृतांच्या आप्तांना न्याय, दोन्ही एकाच वेळी हवीत. शरणागतीची धोरणे आखणाऱ्यांनी आणि संशोधकांनी या सुत्ताकडे अधिक गांभीर्याने पाहावे.

सारांश, माणूस शस्त्र का उचलतो हे शोधणाऱ्या शास्त्राने, ते न उचलणाऱ्याचाही तितक्याच बारकाईने अभ्यास केला पाहिजे. त्यावाचून त्याचे निष्कर्ष पीडितांवरील आरोपपत्र ठरतात. राज्यसंस्थेने निषेधाची उघडी वाट बंद करू नये, कारण तीच वाट जंगलाच्या वाटेला पर्याय असते. आणि आपणही स्वतःला विचारावे : संतापलेला तरुण आपल्या विहाराच्या दारात येतो तेव्हा त्याला केवळ वंदनेची वेळ सांगितली जाते, की त्याचे दुःख ऐकून घेणारे, त्याच्याशी वाद घालणारे कोणी तेथे बसलेले असते?