बाटलीतला युरिया आणि एक त्रैराशिक

उधव्याच्या एखाद्या भातशेतकऱ्याच्या मुलाने वर्गात विचारावे, असा हा प्रश्न आहे. 45 किलोच्या युरियाच्या गोणीचे काम अर्ध्या लिटरची बाटली कशी करील? इफ्कोच्या ‘नॅनो युरिया’चा दावा तोच होता. फेब्रुवारी 2021 मध्ये या द्रवाला खत नियंत्रण आदेशात स्थान मिळाले. 2022 मध्ये गुजरातेत कलोल येथे त्याच्या कारखान्याचे उद्घाटन झाले.

आम्ही हिशेब फळ्यावर मांडला. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे गोणीत सुमारे 20.7 किलो. मूळ नॅनो युरियात ते 4 टक्के, म्हणजे बाटलीत 20 ग्रॅम. फरक हजारपटीचा! गोणीतले पुष्कळ नत्र पाण्याबरोबर वाहून जाते, हवेत उडते, हे खरे. पण निम्मे वाया गेले असे धरले तरी दहा किलो उरते. उलट भाताच्या दाण्यात साधारण सव्वा टक्का नत्र असते. तेव्हा बाटलीतला कण न् कण दाण्यात उतरला, तरी ते दीड-पावणेदोन किलो भाताला पुरेल. (2024 मध्ये आलेल्या ‘प्लस’ प्रकारात नत्र 20 टक्के आहे. म्हणजे बाटलीत 100 ग्रॅम. गोणीच्या दोनशेव्या हिश्श्याएवढे.)

कोपनहेगन विद्यापीठाच्या मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड यांनी 2023 मध्ये ‘प्लँट अँड सॉइल’ या नियतकालिकात या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही, अशी टीका केली. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत भाताचे उत्पादन सुमारे 13 आणि गव्हाचे सुमारे 21 टक्क्यांनी घटले. इफ्को मात्र हजारो शेतांवरील चाचण्यांत सरासरी 8 टक्के वाढ झाल्याचे सांगते.

आता सुरक्षिततेकडे येऊ. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो. मग 20 ते 50 अब्जांश मीटरचे कण कशाचे? कण टिकत नसतील तर ‘नॅनो’ हे नाव कशाला? टिकत असतील, तर तोंडाला पंचा बांधून फवारणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत काय जाते, हे विचारलेच पाहिजे. जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये शेतीतील अशा पदार्थांच्या मूल्यमापनासाठी सूचना काढल्या आणि चाचण्या त्यांनुसार झाल्याचे उत्पादक सांगतात. आमची तक्रार अशी, की त्या चाचण्यांची मूळ आकडेवारी शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती सहज पडत नाही. त्यातच गोणीबरोबर बाटली गळ्यात मारली जाते, अशा तक्रारी राज्यभर झाल्या आहेत. एकरभर खाचरावर वर्ष काढणाऱ्या घराने बाटलीच्या भरवशावर गोणी सोडली आणि भात पिवळा पडला, तर चूक कोणाची धरायची?

शाळेच्या परसात चार वाफे करता येतील. पहिल्यात खत नाही, दुसऱ्यात पूर्ण युरिया, तिसऱ्यात निम्मा युरिया आणि बाटलीची फवारणी, चौथ्यात निम्मा युरिया आणि साध्या पाण्याची फवारणी. चौथा गाळू नये. तो नसला की निम्म्या युरियाचे श्रेयही बाटलीच्या खात्यावर जमा होते.