हापूसची अढी आणि ‘लीन’ विचार

वोमॅक व जोन्स यांच्या ‘लीन थिंकिंग’ (१९९६) या ग्रंथाचा आरंभ ग्राहकाच्या दृष्टीने मोल कशास, या प्रश्नापासून होतो. अनुयायी मात्र तो ओलांडून टोयोटाच्या ओनो यांनी सांगितलेल्या सात अपव्ययांची यादीच तेवढी उचलतात. त्या यादीत साठा व थांबणे हे दोन्ही आहेत. रत्नागिरीच्या अढीत पेंढ्यावर पसरलेला हापूस या दृष्टीने निव्वळ पडून राहिलेला माल ठरेल. परंतु तो तेथे पिकत असतो, आणि गिऱ्हाईक दाम मोजते ते त्या पिकण्याचेच. हे थांबणे वाचविण्याच्या घाईतूनच बंदी असलेले कॅल्शियम कार्बाइड शिरते. वाशीच्या बाजाराबाहेर पेट्यांनी भरलेला ट्रक तिष्ठतो, तो मात्र खरा अपव्यय. मागणीनुसार उत्पादन हे सूत्र तर मोहोर मुळीच जुमानीत नाही. दोष उगमापाशीच रोखावा, हे सूत्र मात्र येथे चोख लागू पडते: दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या ‘नूतन झेल्या’ने फळ देठासह उतरते व चिकाने साल डागाळत नाही.