खानदेशी कथालेखकाची उमेदवारी

वकिलाने ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी करावी असा रिवाज आहे. कथालेखकाची उमेदवारी मात्र कोणाच्याच दप्तरी नोंदली जात नसल्यामुळे, जळगाव-धुळ्याकडील कथात्म वाङ्मयाच्या सद्यःस्थितीचा विचार करू पाहणाऱ्यास ती कोठे झाली, हे लेखनावरूनच ताडावे लागते.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचने देत आणि साने गुरुजी ती उतरून घेत. पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. कोणी सांगतो आहे, कोणी ऐकतो आहे, आणि ऐकणाऱ्याचे चित्त ढळू नये ही काळजी वाक्यावाक्यातून जाणवते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकाने मुलांसमोर कमावलेली वाणी आणि बोलणाऱ्याच्या वेगाने चालविलेली लेखणी यांचा या घडणीशी संबंध नसेल, असे मला वाटत नाही. गुरुजींच्या भाबडेपणास हसणाऱ्या टीकाकारांनी या कारागिरीकडे लक्ष दिलेले नाही.

यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी वयाच्या पंचविशीत, १९६३ साली, ‘कोसला’ प्रसिद्ध केली, तेव्हा पुण्यास शिकून गावी परतलेल्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकराच्या, बोलण्याच्या ढंगातच त्यांनी आख्ख्या कादंबरीचे निवेदन चालविले. आज खानदेशी लेखकांनी हीच गोष्ट आत्मसात केलेली दिसत नाही. त्यांची पात्रे अवतरणचिन्हांत अहिराणी बोलतात आणि अवतरण मिटताच निवेदक क्रमिक पुस्तकातील मराठीत विचार करू लागतो. जणू गावकऱ्याने बोलावे, परंतु विचार करण्याचा मक्ता दुसऱ्याकडे असावा. त्यातही यावल-रावेरकडील लेवा बोली आणि धुळ्याकडील अहिराणी यांची सरमिसळ होते, आणि कवयित्री बहिणाबाईंची लेवा वळणाची भाषा सर्रास अहिराणी म्हणून खपविली जाते. ज्याचे कान इतके ढिले, त्याचे संवाद विश्वासार्ह कसे व्हावेत?

चरितार्थाचा मुद्दा थोडक्यात उरकतो, कारण त्यात नवीन काही नाही: गुरुजी शिक्षक होते, नेमाड्यांनी नगर, धुळे, औरंगाबाद येथे इंग्रजी शिकविले, आणि कादंबरीवर घर चालविण्याची तजवीज या जिल्ह्यांत कोणास साधल्याचे मला ठाऊक नाही. उमेदवारीची सोय संमेलनांतही होत नाही. साहित्य संमेलने जळगावास १९३६ व १९८४ मध्ये, धुळ्यास १९४४ मध्ये, अमळनेरास १९५२ व २०२४ मध्ये भरली. मांडवात ग्रंथविक्री होते, क्वचित ओळखी होतात, परंतु तेथे हस्तलिखित तपासून घेण्याची सोय नसते.

‘कोसला’स पुण्यात रा. ज. देशमुखांसारखा प्रकाशक लाभला. आजच्या नवोदिताला पदरचे पैसे मोजले की पुस्तक छापून देणारे छापखाने जळगावातही मिळतात. निवेदकाची भाषा पात्रांच्या भाषेहून का तुटली आहे, असे विचारून हस्तलिखित साभार परत करणारा संपादक मात्र विरळा, आणि ज्याचे पैसे आगाऊ वसूल झाले, त्याने हस्तलिखित का परत करावे?