चावडीवरचा न्याय आणि सत्ताविभाजन

सत्ताविभाजनावरचे मराठी लेखन माँतेस्क्यूपासून निघते आणि विधानसभा, मंत्रिमंडळ व उच्च न्यायालय यांच्या त्रिकोणात येऊन थांबते. पाठ्यपुस्तकांनी आम्हा शिक्षकांनाही हीच वाट आखून दिली आहे. या लेखनात गाव नाही. ज्या माणसाला राज्यसंस्था म्हणून फक्त पाटलाची चावडी ठाऊक होती, त्याच्या बाजूने या सिद्धांताची परीक्षा झाली होती. ती प्रस्थापित अभ्यासकांनी वाचली नाही, एवढेच.

1867 च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या सनदेवर पोलीस पाटलाला किरकोळ मारहाण, शिवीगाळ यांचा निवाडा करून माणसाला चोवीस तास चावडीत डांबता येत होते. पकडणारा तोच, शिक्षा देणारा तोच. आणि वतनाच्या बेडीमुळे त्याच्या हुकमाखाली उभा असे तो महार. हा महार दाद मागायला कुठे जाणार होता?

पुणे करार होऊन पंधरवडाही लोटला नव्हता, तेव्हा ऑक्टोबर 1932 मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले. पंचांना न्यायदानाचा अधिकार देण्यास बाबासाहेबांनी कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. निवडून आलेला पंच मतदारांचा मिंधा असतो, आणि जातीने पोखरलेल्या गावात हा मतदार म्हणजे बहुसंख्य स्पृश्य समाज. प्रौढ मताधिकार दिल्यानेही हे बदलत नाही, कारण अस्पृश्य प्रत्येक गावात मूठभरच. माझ्या मते सत्ताविभाजनाचा या भूमीतला खरा प्रबंध हाच. येथे न्यायाधीशाचे स्वातंत्र्य मंत्र्यापासूनच नव्हे, गावापासूनही मागितले आहे.

यानंतर सात वर्षांनी, 1939 मध्ये, साताऱ्याशेजारच्या औंध संस्थानाने आपली राज्यघटना जाहीर केली. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमनचे साहाय्य तिला होते. राजा स्वतःहून सत्ता सोडतो, ही गोष्ट मोठीच. पंतप्रतिनिधींच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या प्रयोगाचे गोडवे गाणाऱ्यांना दोन गोष्टी खटकत नाहीत. मतदानाला साक्षरतेची अट होती, आणि न्यायदानात गावपंचायतीला वाटा होता. शाळेच्या ओसरीबाहेर बसवलेल्या समाजाला पहिली अट काय सांगते? आणि पंच कोण होणार, हे 1932 सालीच सांगून झाले नव्हते काय? राजाने सोडलेली सत्ता कोणाच्या हाती गेली, हा प्रश्न विचारल्याशिवाय औंधची समीक्षा पुरी होत नाही.

घटना समितीत हा संघर्ष तीन दिवसांत समोरासमोर आला. 22 नोव्हेंबर 1948 रोजी ग्रामपंचायतींचे कलम स्वीकारले गेले. आजचे कलम 40 ते हेच. 24 तारखेला बाबासाहेबांनी न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचे कलम मांडले. आधी त्यात तीन वर्षांची मुदत होती. दुसऱ्या दिवशी ती वगळून ते मंजूर झाले. आजचे कलम 50. दोन्ही मार्गदर्शक तत्त्वेच, म्हणजे कोर्टात बजावून घेता न येणारी.

मुंबई राज्याने 1951 मध्ये ही फारकत करणारा कायदा केला, हे श्रेय त्याला दिले पाहिजे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायती मात्र पुन्हा डोकावल्या. पुढे ते प्रकरण वगळले गेले. मग भिंत पुरी झाली का? ‘चॅप्टर केस’ हा शब्द पुण्याच्या कुठल्याही वस्तीत विचारावा. शांततेचा जामीन लिहून घेण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आहे, आणि पोलीस आयुक्तालयाच्या या शहरात ते काम सहायक पोलीस आयुक्त करतो. ठाण्याने प्रस्ताव पाठवायचा, त्याच खात्याच्या अधिकाऱ्याने ऐकून घ्यायचे. निळ्या झेंड्यावरून वाद झाला, की मार खाणाऱ्याच्या हातीही नोटीस पडते, आणि त्याला कागदपत्रे घेऊन ज्याच्यापुढे उभे राहायचे असते, त्याच्या अंगावर खाकी असते.