पडद्यामागचं कसब

1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावावर युद्धखेळ मांडला. एरवी अशा खेळात प्रत्येकाच्या हाती फौज असे. वेस्लीने काही जणांना फौजेऐवजी माणसं दिली: गावचा महापौर, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई राहिली बाजूला. खेळाडू कोपऱ्यात जाऊन कारस्थानं रचू लागले आणि नियमांत कुठेच नसलेल्या गोष्टी करायला मागू लागले. पंच म्हणून वेस्लीला प्रत्येक वेळी जागच्या जागी निवाडा द्यावा लागला. खेळ फसला असं त्याला वाटलं. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने ती रीत पुढे नेली आणि 1974 मध्ये गॅरी गायगॅक्ससोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला.

या खेळात टेबलाभोवती चार-पाच जण बसतात आणि प्रत्येक जण एकेक पात्र खेळतो. उरलेलं सगळं जग, म्हणजे शत्रू, गावकरी, हवामान, बंद दारं, एकटा गेम मास्टर चालवतो. त्याच्या कसबाचं मोजमाप मी एकाच प्रश्नाने करतो: खेळाडूंनी घेतलेल्या निर्णयाने पुढचं काही खरोखर बदललं का? गेल्या पन्नास वर्षांतली उत्तम तंत्रं याच प्रश्नाशी झुंजताना सापडली आहेत, आणि या कलेत जे बिघडलं तेही याच प्रश्नाकडे पाठ फिरवल्यामुळे.

या खेळाच्या सुरुवातीच्या पुस्तकांना गचाळ म्हणण्याची रीत आहे. पण टॉम मोल्डवेने संपादित केलेली 1981 ची ‘बेसिक’ आवृत्ती आजही उघडून पाहावी. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजायचा. मशाल सहा पाळ्यांत विझते. दर दोन पाळ्यांनी गेम मास्टर एक फासा टाकतो. एक पडला तर काहीतरी भटकत समोर येतं. समोर आलेला प्राणी हल्लाच करेल असंही नाही. त्याचा पवित्रा दोन फाशांवर ठरतो, तो बोलणीही करू शकतो. अनुभवाचे गुण मुख्यतः लुटीचे मिळतात, मारामारीचे कमी. या नियमांनी गेम मास्टरला मोठं बळ मिळतं. ‘भिंत नीट तपासू का?’ या साध्या प्रश्नाला लगेच किंमत येते, कारण तपासण्यात वेळ जातो आणि वेळ गेला की धोका वाढतो. गोष्ट आधी रचायची गरजच उरत नाही. 2008 च्या सुमारास जुन्या पद्धतीच्या खेळाची जी चळवळ उभी राहिली, तिने हेच विसरलेलं यंत्र पुन्हा चालू केलं. तिच्यामागे निव्वळ स्मरणरंजन होतं असं म्हणणाऱ्यांनी ती पुस्तकं खेळून पाहिलेली नसावीत.

मधल्या काळात कथानकाचा मोह आला. 1984 पासून आलेली ‘ड्रॅगनलान्स’ साहसांची मालिका कादंबऱ्यांच्या जोडीने निघाली. पुढच्या भागांत लागणारी पात्रं आधीच मरू नयेत, अशी सोय त्या साहसांतच करून ठेवली होती. खेळाडूंच्या भाषेत याला रेलरोडिंग म्हणतात: स्टेशनं ठरलेली, डबा ठरलेला, खिडकीतून बघत बसायचं. अनेकांना त्या प्रवासाने आनंद दिला, हे मान्य. पण त्या साच्यात शिकलेल्या गेम मास्टरला एक वाईट खोड लागली. खेळाडू वाट सोडून गेले की त्यांना हळूच मूळ वाटेवर आणणं, हेच आपलं कौशल्य असं त्याला वाटू लागलं.

या खोडीवर सर्वांत नेमका उतारा रहस्यकथेच्या खेळातून आला. 1981 च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’पासूनची अडचण अशी की कपाटातलं पत्र शोधायला फासे टाकायचे, फासे फसले की पत्र मिळत नाही आणि तपास तिथेच अडतो. रॉबिन लॉज याने 2007 मध्ये ‘द एसोटेररिस्ट्स’मध्ये तो फासाच काढून टाकला. पात्राकडे योग्य कौशल्य असेल आणि ते योग्य जागी शोधत असेल, तर धागा मिळणारच. प्रश्न उरतो तो त्याचा अर्थ लावण्याचा. पुढच्याच वर्षी जस्टिन अलेक्झांडरने दुसऱ्या बाजूने उपाय सुचवला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे पेरून ठेवा. एक नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा अर्थ चुकेल, तिसरा कामी येईल. गोष्टीऐवजी परिस्थिती तयार करा, हा त्याचा आग्रहही यातूनच येतो. कोणाला काय हवं आहे, कोण कुठे आहे, कोणी अडवलं नाही तर उद्या काय होईल, एवढं लिहून ठेवायचं. शेवट लिहायचा नाही.

व्हिन्सेंट बेकरने ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ (2004) मध्ये हे थेट नियमांतच घातलं. गेम मास्टरने एक बिघडलेलं गाव उभं करायचं. न्याय काय हे ठरवायचं खेळाडूंनी. मेगी बेकरसोबतच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (2010) तर गेम मास्टरचं कामच नियमबद्ध केलं. दोन फाशांची बेरीज, काही अधिक-उणं न धरता, 36 पैकी 15 वेळा सात ते नऊच्या दरम्यान येते, आणि तेव्हा यश मिळतं ते किंमत मोजून. जवळजवळ प्रत्येक फेकीनंतर काहीतरी हलतंच. जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये फासे टाकण्याआधीच गेम मास्टर सांगतो की धोका किती आणि फळ किती. येऊ घातलेलं संकट टेबलावर सगळ्यांसमोर खंड पाडलेल्या वर्तुळात भरत जातं. माहिती लपवल्याने थरार वाढतो, हा जुना समज इथे मोडला. भय खरं तेव्हाच वाटतं, जेव्हा समोर काय आहे हे कळूनही पाऊल टाकायचं असतं.

म्हणूनच पडद्याआड फाशांचा आकडा बदलण्याची सवय मला अजिबात पटत नाही. गायगॅक्सच्या 1979 च्या मार्गदर्शकाने तो अधिकार गेम मास्टरला दिला, आणि आजही अनेक जण दयेपोटी तो वापरतात. पात्र मरू नये असं वाटत असेल तर मरणाचा फासा टाकूच नये. टाकल्यावर त्याचं ऐकावं. नाहीतर खेळाडूने मघाशी विचारपूर्वक टाळलेला धोका आणि आता धाडसाने पत्करलेला धोका, दोन्हींची किंमत शून्य होते. नको असलेल्या विषयांच्या मर्यादा आधी ठरवणं किंवा कुणालाही प्रसंग थांबवता येईल असं कार्ड टेबलावर ठेवणं हाही याच प्रामाणिकपणाचा भाग आहे. त्यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही.

2015 मध्ये हा खेळ खेळताना दाखवणारा ‘क्रिटिकल रोल’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि लाखो लोकांनी पहिल्यांदा गेम मास्टरचं काम प्रत्यक्ष पाहिलं. त्यातला गेम मास्टर मॅथ्यू मर्सर आणि त्याचे सहकारी आवाजाच्या अभिनयात मुरलेले आहेत. ते करतात ते सुंदरच करतात. दुर्दैव असं की नवख्यांनी त्यातला दिसणारा भागच उचलला. पंधरा आवाज काढता येत नाहीत म्हणून गेम मास्टर व्हायला घाबरणारी हुशार माणसं आज कितीतरी आहेत. मर्सर खेळाडूंनी सोडलेला धागा लक्षात ठेवून पुढे कसा परत आणतो, ते ऐकणं अभिनयापेक्षा जास्त शिकवतं. पण कॅमेऱ्यात ते भरत नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मोठ्या प्रकाशकाची पुस्तकं या बाबतीत फार उशिरा जागी झाली. 2014 चं ‘डंजन मास्टर्स गाइड’ नवख्याला आधी देवदेवता आणि विश्वरचना शिकवतं. सेशन चालवायचं कसं, हे फार मागे येतं. 2024 च्या आवृत्तीने क्रम सुधारून चालवणं पुढे आणलं, हे मोलाचं काम झालं. पण साहसांची पुस्तकं अजून कादंबरीसारखी वाचण्यासाठी लिहिली जातात: खोलीतला महत्त्वाचा पहारेकरी तिसऱ्या परिच्छेदात दडलेला, त्याचा हेतू दुसऱ्याच प्रकरणात. पाच जण उत्तराची वाट पाहत असताना पानं चाळणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. गॅविन नॉर्मनच्या ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’च्या साहसांत प्रत्येक खोली ठळक शब्द आणि तुटक ओळींत मांडलेली असते, नजर टाकताच काय दिसतं आणि शोधल्यावर काय सापडतं ते वेगळं. अशी मांडणी करायला मोठ्या प्रकाशकाकडे पैसाही आहे आणि माणसंही.