आज्ञावली-लेखनातील कृत्रिम बुद्धिमत्ता : वेग आणि आकलन

प्रस्तावना :
गिटहब कोपायलट २०२१ मध्ये चाचणी स्वरूपात आले आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी खुले झाले. तेव्हापासून आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहिण्याच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झपाट्याने वाढला. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या सर्वेक्षणात ८४ टक्के प्रतिसादकांनी अशी साधने वापरत असल्याचे अथवा वापरणार असल्याचे सांगितले; ४६ टक्क्यांनी मात्र त्यांच्या अचूकतेविषयी अविश्वास नोंदविला. ही विसंगती विचारात घेण्याजोगी आहे.

विवेचन :
या साधनांचे समर्थन प्रामुख्याने वेगाच्या आधारे केले जाते. एमईटीआर या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या, त्यांच्या परिचित प्रकल्पांतील २४६ कामांचा अभ्यास केला. साधने वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आपला वेग २० टक्क्यांनी वाढला, असे मात्र त्यांना वाटत होते. नमुना लहान होता आणि साधने त्यानंतर सुधारली आहेत. तरीही वेगाचा भास आणि प्रत्यक्ष वेग यांत अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की, आज्ञावली-लेखन म्हणजे केवळ मजकुराची निर्मिती नव्हे, तर प्रश्नाविषयीची समज घडविणे होय. नवोदिताला ही समज इतरांच्या आज्ञावली वाचून, त्यांतील दोष शोधून व दुरुस्त करून येते. नेमकी हीच प्राथमिक कामे आता साधनांकडे जात आहेत.

वडगाव निंबाळकरसारख्या गावातून शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यासाठी हिंजवडीतील पहिली नोकरी ही एक प्रकारे दुसरी शाळाच असते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे कारण आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण ग्राह्य धरले, तरी ती कौशल्ये कोठे शिकावयाची, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष :
साधनांवर बंदी घालणे व्यवहार्य नाही. परंतु प्रात्यक्षिकात आज्ञावली चालली म्हणून गुण देणे यापुढे पुरेसे ठरणार नाही. सादर केलेल्या आज्ञावलीतील एखादी ओळ बदलून परिणाम तोंडी विचारावा; सदोष आज्ञावली देऊन दोष शोधावयास लावावे. मोठ्या तुकड्यांमध्ये यामुळे अध्यापकांचे काम निश्चितच वाढेल. मात्र ते टाळल्यास त्याची किंमत ग्रामीण विद्यार्थ्याला पहिल्याच मुलाखतीत मोजावी लागेल.